साताऱ्याचे न्यायाधीश, सांगलीचे डेप्युटी कलेक्टर आणि आपल्या संगणकातला गंधार

१/ अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तबकडी संगणकावर ऐकताना खरखर घालवणारी कळ दाबण्याचा मोह होतो. ती दाबण्यापूर्वी शंभर वर्षांपूर्वीचा एक वाद ठाऊक असावा. #धागा

२/ कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. खाँसाहेबांकडून स्वर गाऊन घेऊन त्यांनी ते सोनोमीटरच्या तारेवर मोजले आणि १९१० साली बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध केला. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांनी हे काम पुढे नेले. त्यातूनच श्रुती-हार्मोनियम घडली.

३/ देवलांचा गंधार षड्जाच्या बरोबर सव्वापट; साध्या हार्मोनियमचा सुमारे १.२६ पट. अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले, तर अंतर १४ भागांचे! १९१६च्या बडोदा संगीत परिषदेत यावरून मोठा वाद झाला. भातखंड्यांना हे गणित मान्य नव्हते. गणित थोडे ताणलेले होते, हे मलाही वाटते. पण मोजणाऱ्यांचे कान खोटे नव्हते.

४/ आता तबकडीकडे. मिनिटाला ७८ फेऱ्या हा आकडा पुढे स्थिरावला. आरंभीच्या तबकड्यांचा वेग कमीजास्त असे. ७६ फेऱ्यांवर मुद्रित झालेले गाणे ७८वर वाजवले, तर ते सुमारे ४५ भाग चढते, लयही वाढते. गंमत अशी की स्वरांची परस्पर गुणोत्तरे तशीच राहतात. देवलांचा गंधार सुरक्षित! मात्र तबकडीचे छिद्र मध्यापासून सरकलेले असेल, तर प्रत्येक फेरीत सूर डोलतो आणि मोजणी व्यर्थ ठरते.

५/ म्हणून संगणकावर प्रथम ध्वनीच्या सेटिंगमधले ‘एन्हान्समेंट’ आणि इक्वलायझर बंद करावेत. फाइल सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची असेल, तर उपकरणही त्यावरच ठेवावे. पण त्याने पडणारा फरक क्वचितच कानाला कळतो. स्टिरिओ सुईने उतरवलेली फाइल मोनो केल्याचा लाभ त्याहून मोठा: खोबणीतील उभ्या कंपनांची बरीचशी खरखर तिथेच गळून पडते.

६/ खरखर पुसणारे फिल्टर शेवटी, तेही जपून. आवाजाचे वरचे स्वरांश त्या खरखरीतच मिसळलेले असतात. मी एकदा उत्साहाने सगळी खरखर पुसली. खाँसाहेबांच्या तारसप्तकातली धारही तिच्यासोबत गेली. मूळ फाइल मी ठेवली नव्हती. तुम्ही प्रयोग प्रतीवर करा.