विजेने तेल वेगळे होते, गाळाचे काय?

तेलकट सांडपाणी विजेच्या साहाय्याने शुद्ध करण्याचे प्रयोग देशातील विज्ञानवार्तांत अधूनमधून झळकतात, आणि बहुधा ‘नवे तंत्रज्ञान’ म्हणूनच. वस्तुतः या कल्पनेचे वय सव्वाशे वर्षांहून अधिक आहे.

जुलै १८५५ मध्ये मायकेल फॅरेडे बोटीने थेम्स नदीतून जात होते. पाण्याचा गढूळपणा पारखण्यासाठी त्यांनी पांढऱ्या कार्डाचे तुकडे पाण्यात टाकले. ते इंचभर खोल जाण्यापूर्वीच दिसेनासे झाले. फॅरेडेंनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहून नदीच्या या अवस्थेकडे लक्ष वेधले. विद्युत विश्लेषणाचे नियम त्यांनी सुमारे वीस वर्षांपूर्वीच मांडले होते. त्याच नियमांवर आधारलेला, सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प १८८९ मध्ये लंडनमध्येच उभा राहिला. पुढे १९०६ मध्ये जहाजांच्या तळाशी साचणाऱ्या घाण पाण्यासाठी अमेरिकेत अशा पद्धतीचे पेटंट घेतले गेले.

यामागचे विज्ञान सरळ आहे. तेलाच्या सूक्ष्म थेंबांवर बहुधा ऋण प्रभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि पाण्यात तरंगत राहतात. लोखंडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांतून वीजप्रवाह सोडला, की धन अग्राचा धातू विरघळून त्याचे आयन हा प्रभार नाहीसा करतात. थेंब एकत्र येऊन धातूच्या हायड्रॉक्साइडच्या पुंजक्यांत अडकतात, आणि ऋण अग्रावरील हायड्रोजनचे बुडबुडे त्यांना पृष्ठभागावर आणतात. एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला, तर फॅरेडेंच्या नियमानुसार सुमारे ०.३४ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम विरघळते.

तरीही ही पद्धत मागे पडली. वीज महाग होती, पत्रे झिजत होते आणि तुरटी स्वस्त होती.

भारतात विद्युत-रसायनाच्या संशोधनासाठी तमिळनाडूतील कराईकुडी येथील केंद्रीय संस्थेची पायाभरणी १९४८ मध्ये झाली. अळगप्पा चेट्टियार यांनी तिला जमीन आणि १५ लाख रुपये दिले. जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ मध्ये आला. आज नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात तेल व ग्रीजची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे. मर्यादा कडक झाली, की जुनी पद्धतही पुन्हा उपयोगी वाटू लागते.

मात्र या प्रक्रियेत तेल नष्ट होत नाही. ते धातूसह गाळात जाते. हा गाळ उघड्यावर टाकला, तर पहिल्या जोरदार पावसात तेच तेल ओढ्याला मिळेल. म्हणून अशी बातमी वाचताना ‘पाणी किती टक्के शुद्ध झाले?’ एवढ्यावर थांबू नये. एक हजार लिटरमागे वीज किती लागली, धातू किती झिजला आणि गाळ कुठे गेला, हेही विचारावे.