सिंदखेड राजा
महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील ऐतिहासिक शहर व तालुक्याचे ठिकाण. जालन्याच्या पूर्वेस सुमारे ३० किमी., जुन्या मुंबई–नागपूर महामार्गावर ते वसले आहे. निजामशाहीतील मातब्बर सरदार लखुजी जाधव यांची ही जहागीर. त्यांच्या राजवाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी त्यांच्या कन्या व शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई (जिजाऊ) यांचा जन्म झाला, असे मानतात. राजवाड्याचे भव्य प्रवेशद्वार शाबूत असून समोर नगरपरिषदेची बाग आहे.

२५ जुलै १६२९ रोजी देवगिरी (दौलताबाद) येथे निजामशाही दरबारात लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या झाली. लखुजींची येथील समाधी ही घुमट, कमानी व कोनाडे असलेली प्रशस्त चौरस वास्तू आहे.

जलवास्तू हे गावाचे खास वैशिष्ट्य होय. मोती तलावाची भिंत केवळ पाणी अडवत नाही. तिच्या दर्शनी बाजूस एखाद्या किल्ल्यासारखे मजले व कमानी बांधल्या आहेत. चांदणी तलावाच्या मध्यभागी तीन मजली इमारत आहे. पुतळा बारवेत पायऱ्यांलगत कोरीव मूर्ती आढळतात. रंगमहाल, अतिशय जाड भिंतींचा काळाकोट आणि नीळकंठेश्वर व रामेश्वर ही मंदिरेही प्रेक्षणीय आहेत. दरवर्षी १२ जानेवारीस जिजाऊ जयंतीला येथे राज्यभरातून मोठा जनसमुदाय लोटतो.