चाकांवरचे बिऱ्हाड : कशेळीवरून गेलेल्या एका रस्त्याच्या निमित्ताने

‘बिऱ्हाड’ हा मराठीतील एक मोठा अर्थवाही शब्द आहे. घर बांधले जाते, बिऱ्हाड मात्र केले जाते, हलविले जाते, प्रसंगी पाठीवर घेतले जाते. घर म्हटले की जमिनीवरचा हक्क अभिप्रेत असतो. बिऱ्हाड म्हटले की केवळ मुक्काम. महाराष्ट्र शासनाने मार्च 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले, तेव्हा या शब्दाच्या इतिहासाकडे पुन्हा पाहण्याची गरज आम्हांला प्रथम जाणवली. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली मोटार भाड्याने घ्यावी, कुटुंबासह उन्हाळ्याच्या सुटीत निघावे, आणि रात्री अशा गाड्यांसाठी राखलेल्या वाहनतळावर मुक्काम करावा, अशी ही कल्पना. तिला ‘नवी’ म्हटले गेले. ती खरोखर कितपत नवी आहे, आणि कोणासाठी नवी आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय.

विचारासाठी एखादा रस्ता डोळ्यांसमोर असलेला बरा. ठाण्याच्या बाळकुमहून उल्हास नदीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातील कशेळी लागते. पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा आणि भिवंडी. हा जुना आग्रा रस्ता. शहापूर, थळ घाट, नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर असा तो आग्ऱ्याला पोहोचतो. मुंबई बेटाचा हिंदुस्थानच्या अंतर्भागाशी असलेला हा एक प्रमुख दुवा. 16 एप्रिल 1853 रोजी आगगाडी ठाण्याला आली, 1854 मध्ये कल्याणला, आणि 1865 मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला. लोहमार्गाने या रस्त्याचे महत्त्व काही काळ हिरावून घेतले. मोटारींनी ते परत दिले. आज अवजड वाहतुकीचा मोठा भाग माजिवडे-वडपे या बाह्यमार्गाने जातो. तरीही कशेळीची गोदामे आणि त्यांच्यापुढे रांगेने उभे असलेले मालट्रक जुन्या रस्त्याची आठवण बुजू देत नाहीत.

मराठी प्रवासवर्णनाचा विचार करताना अभ्यासक सामान्यतः विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’पासून सुरुवात करतात. कोकणातील वरसईचा हा कर्जबाजारी भिक्षुक मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार असल्याचे ऐकून 1857 साली उत्तरेकडे निघाला आणि उठावाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने शहरात राहून पाहिला. हा मजकूर त्याने 1883 मध्ये लिहिला आणि चिंतामणराव वैद्य यांनी 1907 मध्ये तो प्रसिद्ध केला. गोडसे भटजी कशेळीवरून गेले नाहीत. त्यांची वाट पुण्यावरून होती. परंतु या ग्रंथाच्या आधारे एक गोष्ट स्पष्ट सांगता येते. त्यांच्या पिढीला प्रवास हा विसावा नव्हता. तो पोटाचा, पुण्याचा आणि जिवावरच्या धोक्याचा व्यवहार होता. सोबत पाहून निघायचे, देवळात किंवा धर्मशाळेत उतरायचे, तीन दगडांची चूल मांडायची. बिऱ्हाड प्रवाशाबरोबर चालत असे; पण ते हौसेचे नव्हते.

त्याच काळात इंग्लंडमध्ये नेमके उलटे काही घडत होते. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरने 1885 मध्ये ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची आलिशान गाडी बांधून घेतली आणि केवळ आनंदासाठी तीत राहून देश पाहिला. जिप्सींच्या गाडीघराचे हे सभ्य समाजाने केलेले अनुकरण होते. अशा हौशी मंडळींचा कॅराव्हॅन क्लब तेथे 1907 मध्ये स्थापन झाला, म्हणजे ज्या वर्षी ‘माझा प्रवास’ पुस्तकरूपाने मराठी वाचकांपुढे आला त्याच वर्षी. हा केवळ योगायोग आहे आणि त्यातून कोणताही सिद्धान्त काढावयाचा नाही. मात्र जिप्सी गाडीत राहतो तेव्हा संशयित ठरतो आणि डॉक्टर राहतो तेव्हा रसिक ठरतो, हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण तो आपल्याकडेही आहे, आणि अधिक क्रूर स्वरूपात आहे.

‘कॅराव्हॅन’ हा शब्द मुळात फारसी ‘कारवाँ’. त्याला मराठीत जुना प्रतिशब्द आहे, तो म्हणजे तांडा. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरत; सैन्यांना रसद पुरवीत. पक्क्या सडका आणि आगगाडी यांनी त्यांचा व्यापार मोडला. धंदा गेला आणि भटकंती तेवढी उरली, तेव्हा इंग्रजी राज्याने त्या भटकंतीलाच गुन्हा ठरविले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि पुढे त्याच्या विस्ताराने, कित्येक भटक्या जमातींना हजेरी, परवाना आणि पहारा लागू झाला. सोलापुरात काटेरी तारांच्या आतील सेटलमेंटमध्ये माणसे कोंडली गेली. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला; कपाळावरचा शिक्का मात्र कायद्याबरोबर पुसला गेला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ 1980 मध्ये आले. पाठीवर बिऱ्हाड घेतलेले कैकाडी कुटुंब गावोगाव फिरते. गावाबाहेर उतरायलाही त्याला कोणाची तरी परवानगी लागते.

येथे आम्हा अध्यापकांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. ‘उपरा’ आपण आत्मकथन म्हणून शिकवितो, भटक्या-विमुक्तांच्या साहित्याचा आरंभबिंदू म्हणूनही शिकवितो, आणि ते योग्यच आहे. पण प्रवासवर्णनाच्या तासाला त्याचे नाव कधी निघत नाही. का? त्यात रस्ता आहे, मुक्काम आहे, परक्या गावाचे निरीक्षण आहे. नाही ते फक्त परतीचे घर. आपल्या प्रवासवर्णनाच्या व्याख्येत ‘ज्याला परतायला घर आहे तोच प्रवासी’ ही अट न सांगता दडलेली आहे, असे आम्हांला वाटते. गोडसे भटजी त्या अटीत बसतात. कारण कावडीतून गंगोदक घेऊन ते वरसईला परततात. युरोपातून गाडीतच संसार मांडून आलेले 1960-70 च्या दशकांतील तरुण पर्यटकही बसतात. आग्ऱ्याकडून मुंबई गाठून गोव्याला उतरणाऱ्या त्या मंडळींना हाच रस्ता सरळ होता. 1979 मध्ये इराण आणि अफगाणिस्तान येथील उलथापालथीने त्यांची वाट बंद झाली.

या अटीत न बसणारे आजही पुष्कळ आहेत. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या गाड्या साखरपट्ट्याकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. गाडीत भांडी, पीठ, लहान मुले, म्हातारे. कित्येकदा ऊस वाहण्याची गाडी कारखान्याकडून भाड्याने घेतलेली असते आणि तिचे भाडे मजुरीतून कापले जाते. भाड्याच्या वाहनावर चालणारा कुटुंबाचा संसार, असे शब्द वापरले तर हे वर्णन पर्यटन धोरणातील वाटेल. फरक इतकाच, की येथे रात्री उतरण्यासाठी राखीव तळ नाही. उसाच्या पाचटाची कोपी आहे.

कशेळीपुरते बोलायचे तर तेथील ट्रकचालकाचे घर म्हणजे त्याची केबिन. मुंबईच्या जकात-हद्दीबाहेर स्वस्त जमीन मिळाल्यामुळे भिवंडीच्या ग्रामपंचायतींत गोदामे उभी राहिली; 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर जकात गेली, गोदामे राहिली. माल उतरेपर्यंत चालक केबिनमध्ये झोपतो, चाकाच्या आडोशाला स्टोव्हवर भाजी शिजवतो. मालट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले ते 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या वाहनांपुरते.

आणि 2020 चा उन्हाळा. टाळेबंदीत मुंबई, ठाणे आणि भिवंडीतील कामगार उत्तरेकडे निघाले. भिवंडीचे यंत्रमाग बंद होते. कोणी पायी गेले, कोणी सायकलीवर. कोणी वर्गणी काढून टेम्पो वा ट्रक ठरविला. मुंबई परिसरातील कितीतरी रिक्षाचालकांनी तीनचाकीत बायकामुले आणि गाठोडी बसवून उत्तर प्रदेश-बिहारची वाट धरली. आग्रा रस्त्याने त्याआधी असा उन्हाळी प्रवास क्वचितच पाहिला असेल. दीड हजार किलोमीटर, रिक्षेतच झोप, रिक्षेतच जेवण. त्याला कोणीही पर्यटन म्हटले नाही, आणि ते नव्हतेच. वर्षभरातच, मार्च 2021 मध्ये, चाकांवरच्या मुक्कामाला सवलती देणारे धोरण आले.

धोरणाचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. ज्याला शक्य आहे त्याने गाडी भाड्याने घ्यावी, मुलांना सह्याद्री दाखवावा. त्यात वाईट काय? आमचा मुद्दा भाषेचा आणि वाङ्मयेतिहासाचा आहे. चाकांवर राहणे या एकाच कृतीला आपण यात्रा, तांडा, टोळी, स्थलांतर आणि पर्यटन अशी पाच नावे दिली आहेत, आणि नाव ठरते ते कृतीवरून नव्हे, करणाऱ्यावरून. शासनाने पर्यटकासाठी जे मान्य केले, म्हणजे रस्त्यावरच्या माणसालाही पाणी, उजेड, शौचालय आणि निर्धास्त रात्र लागते, तेच तत्त्व कोपीला आणि केबिनला लावायचे, तर त्यासाठी नवे तत्त्वज्ञान शोधावे लागत नाही. आपल्यापुरते, वर्गात, एवढे तरी करता येईल : पुढच्या सत्रात प्रवासवर्णन शिकविताना ‘माझा प्रवास’ आणि ‘उपरा’ शेजारी-शेजारी ठेवावेत, आणि विद्यार्थ्यांना विचारावे, यांतील प्रवासी कोण? रिक्षेतून गोरखपूर गाठणाऱ्याने आपली हकीगत अजून लिहिली नसेल. ती लिहिली गेली तर तिला ठेवायला आपल्या वाङ्मयप्रकारांत जागा असली पाहिजे.