फुकटचा गेम आणि दौलतजादा

"फुकटचाच गेम आहे, खेळू दे पोराला," असं आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. मग कोट्यवधी पोरांना फुकट खेळवणाऱ्या कंपनीचं पोट भरतं कशावर?

मित्रांनो, उत्तर आपल्या जत्रेत आहे. यात्रेतल्या तमाशाची सुपारी गाव वर्गणीतून द्यायचं, बघणाऱ्याला तिकीट नसायचं. दौलतजादा करणारे मात्र दोन-चारच. माईकवरून नाव पुकारलं की सगळं गाव वळून बघायचं, आणि दुसरा गडी ईर्षेने आणखी मोठी नोट काढायचा. गर्दी फुकट होती, पण बिनकामाची नव्हती. तिच्यासमोरच तर नाव करायचं होतं.

गेमवाल्यांनी हेच केलं. २००० च्या सुमारास दक्षिण कोरियातल्या नेक्सॉन कंपनीने गेम फुकट ठेवून त्यातल्या वस्तू विकायला सुरुवात केली. ऑक्टोबर २००९ पासून अॅपलने फुकटच्या अॅपमध्येही अशा खरेदीला परवानगी दिली. २०१४ मध्ये स्वर्व्ह या कंपनीने मोबाइल गेमचा हिशोब मांडला. महिन्याभरात एक रुपयाही खर्च करणारे शंभरात दीडच निघाले. आणि निम्मी कमाई आली ०.१५ टक्के खेळाडूंकडून, म्हणजे दहा हजारांत १५ जणांकडून! या गिऱ्हाइकांना धंद्यात 'व्हेल' म्हणतात, म्हणजे देवमासा. शब्द आलाय कॅसिनोतून.

आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये पबजी मोबाइल. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने परतला. तेव्हा कंपनीने अठरा वर्षांखालच्यांसाठी खर्चाची मर्यादा जाहीर केली : दिवसाला ७,००० रुपये. दूध ३५ रुपये लिटर धरलं तर हे २०० लिटर दुधाचे पैसे झाले. पोराचे, एका दिवसाचे!

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. अनेकांना वाटलं, विषय संपला. पण तो कायदा पैसे जिंकायच्या आशेने खेळल्या जाणाऱ्या गेमपुरता आहे. यूसी किंवा डायमंड घेऊन स्किन मिळवणाऱ्याला पैसे परत मिळायची आशाच नसते. त्यामुळे ही दुकानं चालूच आहेत.

दौलतजादात वावर घालवलेला माणूस निदान चारचौघांत दिसायचा. भाऊबंद हाताला धरून त्याला घरी आणायचे. मोबाइलवरची दौलतजादा शेजारी झोपलेल्या बापालाही दिसत नाही. आणि देवमासा श्रीमंताच्याच घरात जन्मतो असंही नाही. बापाचा यूपीआय पिन माहीत असलेलं कुठलंही पोर पुरतं.

म्हणून एवढं करा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग करा, पेमेंटची हिस्ट्री बघा, पिन बदला. आणि पोराला न रागावता विचारा, "गेममध्ये काय काय विकत मिळतं रे?" ते सगळं सांगेल.