चिठ्ठी, काळ आणि औषधाची पारख

आमचे एक वृद्ध स्नेही गेल्या वर्षीं एके सायंकाळीं आमच्या घरीं आले ते मोठ्या चिंतेंत. त्यांच्या वडील बंधूंना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाला होता. डॉक्टरांनीं सांगितलें होतें कीं, दोन उपचारांपैकीं सरस कोणता हें ठरविण्यासाठीं एक चाचणी चालू आहे. आपली संमति असेल तर आपणांस कोणता उपचार मिळावयाचा तें चिठ्ठीनें ठरेल. स्नेही म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, डॉक्टरांनाच ठाऊक नाहीं, तर आम्हीं जावें कोणाकडे? आणि माणसाच्या जिवाची चिठ्ठी टाकणें, हें शास्त्र कीं सोडत?"

आम्ही वैद्य नव्हे. इतिहास शिकविण्यांत आमचा जन्म गेला. त्या संध्याकाळीं समाधानकारक उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. आमच्या या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे जुन्या औरंगाबादेंत, इतिहास म्हटला कीं देवगिरीचा किल्ला आणि मलिक अंबराच्या नहरी आठवतात. परंतु औषधाची पारख मनुष्यानें कशी केली, यालाहि इतिहास आहे, आणि तो पुष्कळ अंशीं विद्वानांच्या खात्रीच्या चुकांचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ बहुधा १७४७ सालापासून सांगतात. जेम्स लिंड या आरमारी वैद्यानें स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला. संत्रीं व लिंबें मिळालेली जोडी लवकर बरी झाली. तथापि ब्रिटिश आरमारानें लिंबाचा रस सर्रास देण्यास १७९५ साल उजाडलें. पुढें १९४८ सालीं इंग्लंडांत क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध तुटपुंजें होतें, सर्वांस पुरणें शक्य नव्हतें. म्हणून ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानें तें कोणास द्यावयाचें हें यदृच्छेवर सोंपविलें. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकीं ४ दगावले. न मिळालेल्या ५२ पैकीं १४. चिठ्ठीचें मर्म येथें उघड होतें. निवड वैद्याच्या हातीं असती, तर जो बरा होण्यासारखा दिसतो त्यासच औषध देण्याचा मोह झाला असता, आणि मग यश औषधाचें कीं रुग्णाच्या प्रकृतीचें, हें कोणीच सांगूं शकला नसता. चिठ्ठी टाकावयाची ती रुग्णाच्या जिवाविषयीं बेपर्वाई म्हणून नव्हे. वैद्याच्या आवडीनिवडीस लगाम घालण्यासाठीं.

प्रोस्टेटच्या कर्करोगाची कथा मात्र अधिक अवघड आहे. कारण हा रोग बहुधा सावकाश चालतो आणि तो उतारवयांत होतो. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनीं १९४१ सालीं दाखविलें कीं, पुरुषी संप्रेरकाचा पुरवठा तोडला, अगर स्त्रीसंप्रेरक दिलें, तर हा रोग ओसरतो. या शोधासाठीं त्यांना १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. वेदना थांबत, अंथरुणास खिळलेले रुग्ण उठून बसत. मग शंका कोण घेणार? स्टिल्बेस्ट्रॉल हें कृत्रिम स्त्रीसंप्रेरक सर्रास दिलें जाऊं लागलें.

अमेरिकेंतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांनीं एकत्र येऊन १९६० सालीं या उपचाराची रीतसर चाचणी आरंभिली. १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनीं सर्वांना चकित केलें. रोज ५ मिलिग्रॅम स्टिल्बेस्ट्रॉल घेणाऱ्यांत कर्करोगानें होणारे मृत्यु कमी होते खरे. परंतु हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनीं होणारे मृत्यु इतके वाढले होते कीं, कर्करोगावर मिळविलेला लाभ हृदयानें हिरावून घेतला. पुढील चाचणींत असें दिसलें कीं, १ मिलिग्रॅमची मात्रा कर्करोगावर तितकीच गुणकारी असून हृदयास तसा अपाय करीत नाहीं. वीस वर्षें वैद्य रोगाकडे पाहत होते. चाचणीनें त्यांना रोग्याकडे पाहावयास लाविलें.

यापासून दोन बोध निघतात, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. पहिला असा कीं, अंतिम माप आयुष्याचेंच हवें. दुसरा असा कीं, या मंदगति रोगांत आयुष्याच्या मापाची वाट पाहावयाची म्हणजे दहा-दहा वर्षें थांबावयाचें. तोंवर आजचे रुग्ण निघून जावयाचे. चाचणीचें बळ किती माणसें नोंदलीं यावर नसतें. ज्या घटनेची आपण वाट पाहतों ती किती जणांत घडली यावर असतें. घटना विरळ, तर माणसें हजारों लागतात किंवा वर्षें पुष्कळ लागतात. मग चाचणी आटोपशीर करावी कशी?

ब्रिटनमध्यें २००५ सालीं सुरू झालेल्या 'स्टॅम्पीड' नांवाच्या चाचणीनें याचें मोठें चतुर उत्तर दिलें. पांच उपचार निरनिराळे तपासावयाचे, तर पांच चाचण्या आणि दहा गट लागतात. तेच एकत्र तपासले, तर तुलनेचा गट एकच पुरतो. दहांच्या ठिकाणीं सहा गटांत काम भागतें. शिवाय मधून मधून हिशेब पाहावयाचा आणि जो उपचार आशा दाखवीत नाहीं तो तेथेंच थांबवावयाचा. सेलेकॉक्सिब हें औषध २०११ सालीं असेंच वगळण्यांत आलें आणि त्याच वर्षीं ॲबिराटेरोन हें नवें औषध त्याच चालत्या चाचणींत दाखल झालें. डोसिटॅक्सेलनें सरासरी आयुर्मान, म्हणजे ज्या मुदतीपर्यंत निम्मे रुग्ण हयात असतात ती, ७१ महिन्यांवरून ८१ महिन्यांवर गेल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. आम्हांस या योजनेंतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही: रोग पुन्हा बळावला कीं नाहीं, हें जवळचें माप फक्त नापास करण्यासाठीं वापरलें, उत्तीर्ण करावयाचें तें आयुष्याच्या मापानेंच. सहामाही परीक्षेंत विद्यार्थी मागें पडला हें कळतें, पण पदवी कांहीं सहामाहीवर मिळत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतहि हें काम झालें आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. वेदांग मूर्ती व त्यांचे सहकारी यांनीं नोव्हेंबर २०११ ते ऑगस्ट २०१७ या काळांत केवळ २२४ रुग्ण घेऊन एक प्रश्न तपासला: किरणोपचार ग्रंथीपुरताच द्यावा, कीं ओटीपोटांतील लसिकाग्रंथींसहि द्यावा? ज्यांच्या लसिकाग्रंथींत रोग लपलेला असण्याचा संभव अधिक, असेच रुग्ण त्यांनीं निवडले. त्यामुळें थोड्या माणसांत पुरेशा घटना दिसल्या. पांच वर्षांनंतर रक्तांतील पी.एस.ए. या द्रव्याच्या मापानें रोगमुक्त राहिलेले विस्तृत उपचाराच्या गटांत शेंकडा ९५, तर दुसऱ्या गटांत शेंकडा ८१.२ होते. एकंदर आयुर्मानांत मात्र तोंवर लक्षणीय फरक दिसला नाहीं, आणि हेंहि त्यांनीं २०२१ सालीं तितक्याच स्पष्टपणें छापलें. स्टिल्बेस्ट्रॉलची कथा ज्यास ठाऊक आहे, त्यास या स्पष्टपणाची किंमत कळेल.

परंतु चतुर योजनेनें सर्व प्रश्न सुटत नाहींत. आमच्याच मराठवाड्यांतील धाराशिव, त्या वेळचा उस्मानाबाद, जिल्ह्यांत १९९९ सालापासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीची जगन्मान्य चाचणी झाली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑनची आंतरराष्ट्रीय संस्था यांनीं ती चालविली. गांवांचे ५२ समूह करून १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या. विषाणूची तपासणी एकदांच देऊं केलेल्या गटांतील ३४,१२६ स्त्रियांत या रोगानें ३४ मृत्यु झाले. तपासणी न देतां केवळ नेहमींच्या सोयींवर राहिलेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. जगभरच्या आरोग्यधोरणास या आंकड्यांचा आधार मिळाला. परंतु पुढें प्रश्न विचारला गेला, आणि तो योग्यच होता: कांहीं तरी तपासणी उपयोगी पडते हें इतरत्र माहीत असतां, एका गटास ती मुळींच न देणें न्याय्य होतें काय? जिल्ह्यांत अशी तपासणी एरवींहि होत नव्हती, हें उत्तर खरें आहे. पुरेसें आहे असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. त्या चौसष्ट जणी शेतांत राबणाऱ्या, आमच्यासारखीच मराठी बोलणाऱ्या बाया होत्या.

म्हणून आटोपशीर चाचणी ही आम्हांस केवळ पैशाची काटकसर वाटत नाहीं. एकहि रुग्ण अधिक घेतला, एकहि महिना अधिक लोटला, तर त्याची किंमत कोणाच्या तरी आयुष्यानें चुकवावी लागते. उलट, माणसें इतकीं थोडीं घेतलीं कीं निर्णयच लागला नाहीं, तर त्या थोड्यांनीं दिलेलें तेंहि फुकट गेलें. आधींच नीट विचार करून प्रश्न मांडणें, हीच येथें दया होय.

आमच्या स्नेह्यांना आम्हीं अखेर इतकेंच सांगितलें: दोन्ही उपचारांपैकीं सरस कोणता हें खरोखरच कोणास ठाऊक नसेल, तर चिठ्ठींत लाजिरवाणें कांहीं नाहीं. मात्र सही करण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: तुलनेच्या गटास आजचा मान्य उपचार मिळतो ना? मध्येंच एक उपचार उणा ठरला तर तो थांबविणार कोण? आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो छापणार ना? बंधूंनीं तिन्ही प्रश्न विचारले, उत्तरें ऐकलीं आणि सही केली. चिठ्ठींत काय निघालें, तें आम्हीं विचारलें नाहीं.