लिनक्सवरील खिडकी-संयोजनाचा इतिहास : पडद्यावरील अधिकाराचा प्रश्न (१९८४-२०२४)

१. प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासात यंत्रे, कंपन्या आणि प्रवर्तक यांची दखल घेतली जाते. बिघाडांची मात्र फारशी घेतली जात नाही. बिघाड दुरुस्त झाला की तो विस्मरणात जातो. वस्तुतः एखादी व्यवस्था कशी रचलेली आहे हे ती सुरळीत चालू असताना क्वचितच कळते. ती अडली म्हणजे तिचे सांधे उघडे पडतात. प्रस्तुत निबंधात लिनक्सवर आधारित संगणक-प्रणालींतील 'कंपोझिटर' म्हणजे खिडकी-संयोजक या घटकाच्या इतिहासाचा विचार करावयाचा आहे. हा संयोजक बसविताना वापरकर्त्यांना ज्या अडचणी आल्या त्या कालक्रमाने पाहिल्यास त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच प्रश्न आढळतो : पडद्यावर अंतिम अधिकार कोणाचा?

आरंभी संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. संयोजकाविना चालणारा पडदा हा वर्गातील फळ्यासारखा असतो. फळ्याचा काही भाग पुसून तेथे दुसरे लिहिले की आधीचे नाहीसे होते. ते पुन्हा हवे असल्यास मूळ लिहिणाऱ्यालाच परत लिहावे लागते. संयोजक असलेला पडदा ओव्हरहेड प्रोजेक्टरवरील पारदर्शिकांसारखा असतो. प्रत्येक खिडकीचे चित्र स्मृतीच्या स्वतंत्र भागात पूर्ण तयार होते आणि संयोजक ही चित्रे एकावर एक रचून पडद्यावरचे दृश्य सिद्ध करतो. खिडकीची सावली, तिची पारदर्शकता, ती लहान-मोठी होतानाची हालचाल या साऱ्या गोष्टी या रचनेमुळे शक्य होतात.

२. पूर्वपीठिका : एक्स प्रणाली

युनिक्स व लिनक्स यांवरील चित्ररूप पडद्याचा पाया म्हणजे एक्स विंडो सिस्टीम होय. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 'प्रोजेक्ट अथेना' या उपक्रमाच्या संदर्भात १९८४ मध्ये तिचा प्रारंभ झाला. रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस ही तिच्या जडणघडणीतील प्रमुख नावे. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती सिद्ध झाली आणि त्याच आवृत्तीचा नियमसंच पुढे कित्येक दशके टिकला.

साधने पुरवावीत, धोरण लादू नये, हे या प्रणालीचे प्रधान सूत्र होते. त्यानुसार कामाची वाटणी झाली. पडदा, कळफलक आणि माऊस यांवर 'सर्व्हर'चा ताबा. खिडक्यांची मांडणी आणि त्यांच्या चौकटी ही स्वतंत्र 'विंडो मॅनेजर'ची जबाबदारी. खिडकीतील मजकूर रेखाटणे हे त्या त्या कार्यक्रमाचे काम. एखादी झाकलेली खिडकी उघडी पडली की सर्व्हर संबंधित कार्यक्रमाला तशी सूचना देई आणि तो कार्यक्रम तेवढा भाग पुन्हा रेखाटी. स्मृती महाग असण्याच्या काळात ही काटकसर योग्यच होती.

या वाटणीमुळे वापरकर्त्याला मोठे स्वातंत्र्य लाभले. विंडो मॅनेजर नापसंत असल्यास चालू कामात तो बदलता येई. परंतु खिडक्यांची पूर्ण चित्रे कोणाजवळच जतन होत नसल्याने खरी पारदर्शकता अशक्य होती. काही टर्मिनल-कार्यक्रम पार्श्वभूमीच्या चित्राचाच तुकडा आपल्या मजकुरामागे रेखाटून पारदर्शकतेचा आभास निर्माण करीत. मागे दुसरी खिडकी आली तरी दिसे ते पार्श्वचित्रच.

३. संयोजनाचा आरंभ : २००४

अॅपलच्या मॅक ओएस एक्स या प्रणालीने २००१ मध्येच संयोजित पडदा बाजारात आणला होता. लिनक्सच्या जगात मात्र तांत्रिक बदलाआधी संस्थात्मक बदल व्हावा लागला. एक्सचे प्रचलित रूप असलेल्या एक्सफ्री८६ प्रकल्पाने २००४ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या, त्यावरून मतभेद झाले आणि अनेक वितरणांनी व विकासकांनी त्याच वर्षी स्थापन झालेल्या एक्स डॉट ऑर्ग फाउंडेशनकडे मोर्चा वळविला. या संस्थेने सप्टेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ६.८ या आवृत्तीत 'कंपोझिट' आणि 'डॅमेज' हे दोन विस्तार समाविष्ट झाले. पहिल्याने खिडकीचे चित्र पडद्याऐवजी स्मृतीत वळविता येऊ लागले. दुसऱ्याने त्यातील कोणता भाग बदलला हे कळू लागले.

या कामातील अग्रणी कीथ पॅकार्ड यांनी 'एक्सकॉम्पएमजीआर' हा लहानसा नमुनादाखल संयोजकही लिहिला. तो एक्सच्या जुन्या सूत्राला धरूनच होता : सर्व्हर वेगळा, विंडो मॅनेजर वेगळा आणि आता संयोजक हा आणखी एक वेगळा घटक. त्यामुळे सावल्या व पारदर्शकता साधली. परंतु अनेक ड्रायव्हरांत या चित्रणासाठी पुरेसा वेग नव्हता आणि पडदा संथ होई. वाटेकरी मात्र एकाने वाढले होते.

४. एक्सजीएल, एआयजीएलएक्स आणि कॉम्पिझ

वेगाचा प्रश्न सोडविण्यासाठी त्रिमितीय चित्रणाच्या हार्डवेअरचा उपयोग करणे क्रमप्राप्त होते. त्यासाठी दोन मार्ग पुढे आले. नोव्हेल कंपनीतील डेव्हिड रेव्हमन यांनी 'एक्सजीएल' हा ओपनजीएलवर आधारलेला नवा सर्व्हर आणि त्याच्या जोडीने 'कॉम्पिझ' हा संयोजक २००६ च्या आरंभी जाहीर केला. घनाकृतीच्या पृष्ठांवर फिरणारे चार पडदे आणि ओढताच थरथरणाऱ्या खिडक्या यांनी पाहणारे थक्क झाले. त्याच सुमारास रेड हॅट कंपनीच्या विकासकांनी प्रचलित सर्व्हरमध्येच सुधारणा करणारा 'एआयजीएलएक्स' हा मार्ग मांडला. तो २००६ च्या मे महिन्यात एक्स डॉट ऑर्गच्या ७.१ आवृत्तीत दाखल झाला आणि पुढे तोच टिकला. एक्सजीएल व्यवहारात दुसऱ्या सर्व्हरच्या खांद्यावर उभा राहून चालत असल्याने त्यातील कार्यक्रमांना चित्रपत्रकाशी थेट संबंध ठेवता येत नसे. ही त्याची मोठी मर्यादा ठरली.

कॉम्पिझमधील एक बदल विशेष लक्षणीय आहे. त्याने विंडो मॅनेजर आणि संयोजक ही दोन कामे एकाच कार्यक्रमात आणली. खिडकी कोठे ठेवावी हे ठरविणारा आणि ती कशी दिसावी हे ठरविणारा एकच असावा, ही गरज त्यातून स्पष्टपणे मान्य झाली. सप्टेंबर २००६ मध्ये त्यातून 'बेरिल' ही स्वतंत्र शाखा फुटली आणि २००७ मध्ये दोन्ही समुदायांनी एकत्र येऊन 'कॉम्पिझ फ्यूजन' हे नाव स्वीकारले. ऑक्टोबर २००७ च्या उबुंटू ७.१० मध्ये हा संयोजक सुयोग्य हार्डवेअरवर आपोआप सुरू होऊ लागला. तोपर्यंत विंडोज व्हिस्टाही संयोजित पडद्यासह बाजारात आली होती.

५. बिघाडांचे वाचन

या काळात संयोजक बसविणे म्हणजे पुष्कळदा सर्व्हरच्या संरचना-फाइलमध्ये स्वहस्ते बदल करणे असे. फाइलमध्ये एखादी ओळ चुकली तर पडदाच सुरू होत नसे आणि मजकूररूप टर्मिनलवर जाऊन जुनी प्रत पूर्ववत करावी लागे. म्हणून मूळ फाइलची प्रत आधी जपून ठेवणे हा जाणत्यांचा पहिला नियम होता. या काळातील प्रमुख बिघाडांचे वर्गीकरण पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिला बिघाड शीर्षकपट्ट्या नाहीशा होण्याचा. कॉम्पिझमध्ये खिडकीची चौकट रेखाटणारा 'डेकोरेटर' हा वेगळा कार्यक्रम होता. तो सुरू नसल्यास, अथवा पडद्याची रंगखोली २४ बिटांची नसल्यास, खिडक्या दिसत पण त्यांना हलविण्यासाठी वा बंद करण्यासाठी पट्टीच नसे. दुसरा बिघाड कोऱ्या पांढऱ्या खिडक्यांचा किंवा पांढऱ्या घनाचा. खिडकीचे चित्र त्रिमितीय पृष्ठावर चिकटविण्याची सोय ड्रायव्हरमध्ये नसली की संयोजक कोरे पृष्ठच फिरवी. ही सोय ड्रायव्हरांत एकाच वेळी आली नाही. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये ती २००६ मध्ये आली. एटीआयच्या बंदिस्त ड्रायव्हरने एआयजीएलएक्सला साथ देण्यास २००७ ची अखेर उजाडली. तोपर्यंत त्या वापरकर्त्यांना एक्सजीएलचाच आधार घ्यावा लागला. तिसरा बिघाड चलच्चित्रांचा. चित्रफीत दाखविणारा जुना मार्ग संयोजकाला वळसा घालून थेट पडद्यावर चित्र टाकी. परिणामी खिडकी फिरली तरी चित्र जागच्या जागी राही, किंवा त्या जागी निळा चौकोन दिसे.

चौथी अडचण सर्वांत मूलगामी होती. खिडकी पडद्यावर कोठे व कोणत्या आकारात दिसते हे संयोजकाला ठाऊक असे. परंतु माऊसची टिचकी कोणत्या खिडकीला द्यावयाची हे सर्व्हर ठरवी आणि त्याला खिडकीची केवळ मूळ जागाच माहीत असे. लहान करून अथवा तिरपी करून दाखविलेल्या खिडकीवर टिचकी मारली तर ती भलत्याच ठिकाणी पोहोचे. हा दोष बाहेरून एखादी ओळ बदलून सुटणारा नव्हता. दाखविणारा एक आणि ऐकणारा दुसरा, ही रचनाच त्याचे कारण होती.

वरील चारही बिघाड दोन घटकांच्या सीमारेषेवर घडलेले आहेत : संयोजक आणि डेकोरेटर, संयोजक आणि ड्रायव्हर, संयोजक आणि चलच्चित्राचा मार्ग, संयोजक आणि सर्व्हर. प्रत्येक घटक आपापल्या जागी निर्दोष असूनही व्यवस्था अडू शकत होती. दुरुस्तीचा खरा मार्ग म्हणूनच 'काय बिघडले' यापेक्षा 'कोणाच्या हद्दीत बिघडले' हे शोधण्याचा होता.

६. अधिकाराचे एकत्रीकरण : वेलँड

यानंतरच्या काळात एकत्रीकरणाची दिशा स्पष्ट झाली. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० च्या केविन या विंडो मॅनेजरमध्ये संयोजन अंतर्भूत झाले. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ ने संयोजनाविना चालणारा नेहमीचा पडदा मागे टाकला. दरम्यान, एआयजीएलएक्सच्या कामात सहभागी असलेल्या क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये 'वेलँड' हा प्रकल्प आरंभिला. त्यात सर्व्हर, विंडो मॅनेजर आणि संयोजक एकरूप झाले. जो दाखवितो तोच ऐकतो, म्हणून टिचकी भलतीकडे जाण्याचा दोष मुळातच उरला नाही. वेलँडची १.० आवृत्ती २०१२ मध्ये आली. फेडोरा २५ ने २०१६ मध्ये आणि केडीई प्लाझ्मा ६ ने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मूळ निवड म्हणून स्वीकारले.

तथापि या एकत्रीकरणाची किंमतही नोंदविली पाहिजे. एक्सवर संयोजक कोसळला तर दुसरा सुरू करून काम पुढे चालविता येई. ग्नोमचे कवच तर चालू खिडक्या न गमावता पुन्हा सुरू करता येत असे. वेलँडवर ते बंद पडले की संपूर्ण सत्र संपते. पडद्याचे चित्र दुसऱ्यास दाखविणे, सर्वत्र लागू होणाऱ्या कळजोड्या यांसारख्या सोयी नव्याने उभाराव्या लागल्या. ड्रायव्हरांचा वादही मिटण्यास वेळ लागला. इतरांनी स्वीकारलेली स्मृतिवाटपाची पद्धत एनव्हिडियाच्या ड्रायव्हरने २०२१ मध्ये मान्य केली. दुसरीकडे, जुनी विभक्त परंपराही निर्वंश झाली नाही. एक्सकॉम्पएमजीआरपासून कॉम्पटन आणि त्यापासून २०१९ मध्ये पिकॉम, अशी तिची वंशावळ चालत आली आहे.

७. समारोप

चाळीस वर्षांच्या या प्रवासाकडे केवळ प्रगतीची कथा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. १९८७ ची वाटणी ही चूक नव्हती. त्या वेळच्या साधनांना ती अनुरूप होती आणि तिने घटक बदलण्याचे स्वातंत्र्य दिले. त्या स्वातंत्र्याचे मोल वापरकर्त्यांनी शीर्षकपट्ट्या शोधण्यात आणि संरचना-फाइली दुरुस्त करण्यात चुकते केले. वेलँडने त्या कष्टांतून पुष्कळ सुटका केली. पण जेथे पूर्वी एकेक वासा बदलता येत होता, तेथे आता घरच बदलावे लागते. कोणती अडचण पत्करावयाची याची ही निवड आहे आणि ती करणाऱ्यांपुढे दोन्ही बाजूंचा हिशेब असणे इष्ट आहे. तो हिशेब आवृत्त्यांच्या यशोगाथांत सापडत नाही. तो बिघाडांच्या नोंदींत सापडतो. म्हणून मुक्त संगणकीय प्रणालींच्या अभ्यासकाने या नोंदींना निरुपयोगी रद्दी न मानता इतिहासाचे प्रथम दर्जाचे साधन मानावे, असे येथे सुचवावेसे वाटते.