चाबकाविना शिकणारा घोडा

सातपूर (नाशिक) : घोड्याला चाल शिकविणाऱ्या माणसाला मराठीत 'चाबूकस्वार' असा शब्द आहे. शिकविणाऱ्याच्या नावातच चाबूक यावा, यावरून या विद्येची जुनी रीत ध्यानात येते. घोडा माराने वठणीवर येतो, हा समज पागेपासून लग्नाच्या वरातीपर्यंत आजही पक्का आहे. मात्र मार न देता, अचूक क्षणी दिलेल्या मूठभर हरभऱ्यांवर घोडा शिकविण्याची पद्धत गेल्या काही दशकांत जगभर रुजली आहे. तिचा विचार आपल्याकडे व्हावा, याला भूतदयेइतकेच माणसांच्या सुरक्षिततेचेही कारण आहे.

सातपूरहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लग्नसराईत संध्याकाळी नवरदेवाची घोडी दिसणे नवे नाही. पुढे बँड, दोन्ही बाजूंना दिव्यांच्या माळा, मागे धडधडणारा जनरेटर, पायांत घोटाळणारी मुले आणि वाट मागणारे मोटारींचे भोंगे. घोडा हा मुळात पळून जीव वाचविणारा, कळपात राहणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला सुमारे ३५० अंशांचा परिसर दिसतो. दिसत नाही तो नाकापुढचा अगदी जवळचा भाग आणि शेपटीमागची जागा. वरातीत नेमकी तेथेच माणसे उभी असतात.

अशा गदारोळात घोडी शांत उभी राहते, ती दोहोंपैकी एका कारणाने. एक तर ढोलापेक्षा तोंडातल्या कडियाळाची धास्ती तिला अधिक असते, किंवा ढोल निरुपद्रवी आहे हे तिला टप्प्याटप्प्याने शिकविलेले असते. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही घोड्या सारख्याच वाटतात. पायाशी फटाक्यांची माळ फुटली की मात्र फरक पडतो. धाकाने दबलेल्या जनावराचा धीर सुटला, तर ते कोणत्या बाजूला उसळेल याचा नेम नसतो.

प्राणी कसे शिकतात, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या १८९८ मधील प्रयोगांपासून पुढे आला. ज्या कृतीचा परिणाम सुखद होतो ती पुन्हा केली जाते, हा त्यांच्या निष्कर्षाचा गाभा होता. बी. एफ. स्किनर यांनी १९३० च्या दशकापासून त्याला शास्त्राचे रूप दिले. मराठी पाठ्यपुस्तकांत ज्याला 'साधक अभिसंधान' म्हणतात, ते हेच. त्यातील 'धन प्रबलन' म्हणजे हवी ती कृती घडताच काही आवडीचे देणे आणि 'ऋण प्रबलन' म्हणजे हवी ती कृती घडताच नकोसे काही काढून घेणे. स्वार टाचांनी दाब देतो, घोडा पुढे निघताच दाब सोडतो, हे ऋण प्रबलन. जगातील बहुतांश घोडे आजवर याच रीतीने शिकले आहेत. तेव्हा 'ऋण' या शब्दावरून ही रीत क्रूरच असते, असे समजण्याचे कारण नाही. शिक्षा ही त्याहून वेगळी गोष्ट. गफलत होते ती दाब वेळेवर न सोडल्याने. घोड्याने सांगितलेले केले, तरी लगाम ताणलेलाच राहिला, तर काय केल्याने सुटका होते हे त्याला कळत नाही. मग तो डोके झटकतो, 'अडेल' ठरतो आणि चाबूक बाहेर निघतो.

धन प्रबलनाची पद्धत घोड्यांपर्यंत आली ती समुद्रातून. डॉल्फिनला लगाम घालता येत नाही. रागावल्यास तो पाठ फिरवून पोहत निघून जातो. त्यामुळे त्याला शिकविताना शिट्टी आणि मासा याशिवाय इलाज नव्हता. हवाईमधील सागरी उद्यानात १९६० च्या दशकात डॉल्फिनना शिकविणाऱ्या कॅरन प्रायर यांनी ही रीत पुढे सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेली. अलेक्झांड्रा कुरलँड यांचे घोड्यांसाठीचे पुस्तक १९९८ मध्ये आले.

प्रत्यक्ष काम साधे असले, तरी त्याला शिस्त लागते. 'टक्' असा एक ठरावीक आवाज, जिभेने वा छोट्या उपकरणाने, आधी काढायचा आणि लगेच चिमूटभर चंदी द्यायची. थोड्या वेळात घोड्याला या आवाजाचा अर्थ उमगतो. आवाज महत्त्वाचा, कारण घोड्याने योग्य पाऊल उचलले त्याच क्षणी हरभरा त्याच्या तोंडापर्यंत पोहोचविता येत नाही. 'टक्' मात्र पोहोचते. पहिला धडा हात हुंगण्याचा नव्हे, तोंड बाजूला वळवून शांत उभे राहण्याचा. हा धडा गाळला, की घोडा खिसे चाचपू लागतो, चावेही घेतो आणि 'खाऊ घालून जनावर बिघडते' असे म्हणणाऱ्यांच्या हाती पुरावा पडतो. त्यानंतर काठीच्या टोकाला बांधलेल्या चेंडूला नाक लावणे. तेवढे जमले, की चेंडू हलवत नेऊन घोड्याला चालविणे, थांबविणे, मागे सरकविणे, गाडीत चढविणे जमू लागते, तेही मोहरकीची दोरी सैल ठेवून.

ढोलाची सवयही याच क्रमाने लावायची असते. घोडा कान टवकारेल पण पाय हलविणार नाही, इतक्या अंतरावर ढोल वाजवायचा, शांत राहिल्यास 'टक्' आणि घास. मग काही पावले जवळ. घोडा बिचकला, तर चूक अंतराची धरायची आणि मागे जायचे. याउलट पहिल्याच दिवशी त्याला बँडसमोर घट्ट बांधून ठेवल्यास तो अखेरीस हलायचा थांबतो. भीती गेलेली नसते.

या पद्धतीला प्रयोगांचा आधार आहे. फ्रान्समध्ये कॅरोल सांके व त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण घोड्यांना आज्ञेवर स्थिर उभे राहण्यास शिकविले. खाऊ मिळालेले घोडे अधिक लवकर शिकले आणि काही महिन्यांनंतरही माणसाजवळ अधिक राहिले, असे त्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले. मान व खांदा जुळतात तेथे खाजविल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे १९९३ च्या एका अभ्यासात दिसले होते. म्हणजे खराऱ्याचाही बक्षीस म्हणून थोडा उपयोग आहे, पण शिकविण्यासाठी घासाइतका नाही.

शिकविणाऱ्याचा राग घोड्यापासून लपत नाही, याचे उदाहरण बर्लिनच्या 'हान्स'चे. विसाव्या शतकाच्या आरंभी हा घोडा खूर आपटून गणिते सोडवितो, म्हणून गाजला. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले, की हान्सला गणित येत नव्हते. उत्तर जवळ येताच प्रश्नकर्त्याच्या मानेत व चेहऱ्यावर होणारी सूक्ष्म हालचाल तो टिपत होता. मानेची एवढीशी हालचाल ओळखणाऱ्या प्राण्याला समजविण्यासाठी चाबूक लागतो, हे पटणे कठीण.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो नाचऱ्या घोड्यांबाबत. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरणारा घोडेबाजार प्रसिद्ध आहे. तेथे आणि एकूणच लग्नांच्या व्यवसायात तालावर पाय उचलणाऱ्या घोड्याला मोठा मान असतो. हा नाच अनेकदा दोन्ही बाजूंनी बांधून, पायांवर छडी मारून शिकविला जातो. ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात घोड्यांवर लिहिताना अशा रीतीला दोष दिला होता. जबरदस्तीने करून घेतलेली हालचाल घोड्याला उमगत नाही आणि नर्तकाला मारून त्याचे नृत्य देखणे होत नाही, असा त्याचा आशय आहे. पाय उचलणे ही कृती घासावर शिकविता येते. वेळ अधिक लागतो, एवढेच.

पंढरीच्या वारीतले रिंगण येथे आठवते. माउलींचा अश्व स्वाराविना, हजारो वारकऱ्यांच्या मधून धावतो. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून आळंदीपर्यंत पायी येतात. ही काही मानसशास्त्राची योजना नव्हे. तथापि माणसांच्या सोबतीने, टाळमृदंगाच्या आवाजात दिवसेंदिवस चालणे ही घोड्याला गर्दीची ओळख करून देण्याची उत्तम रीत आहे, यात शंका नाही.

या पद्धतीपुढच्या अडचणीही खऱ्या आहेत. वरातीच्या घोड्याची कमाई हंगामी असते, सांभाळणारा मोतद्दार वरचेवर बदलतो आणि प्रत्येकाचा इशारा निराळा असतो. महिनोन्‌महिने शिकविण्याचा खर्च मालकाला परवडेलच, असे नाही. बक्षिसाची चंदी रोजच्या मापातूनच वजा करावी लागते. धान्य वाढले, की पोटशूळ व खुरांचे दुखणे संभवते. दात, खोगीर किंवा नाल यांमुळे दुखत असेल, तर आधी पशुवैद्य हवा. दुखणाऱ्या पाठीवर कोणतीच शिकवण चालत नाही. रस्त्यात मोटार अंगावर येत असताना दोरी ओढावीच लागते, हेही मान्य केले पाहिजे.

नाशिकला अश्वारोहणाची परंपरा आहे. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेल्या भोंसला मिलिटरी स्कूलमध्ये ते शिकविले जाते. २०२६-२७ च्या सिंहस्थातील मिरवणुकांचा विचार करता, गर्दीतला घोडा हा या शहरापुढचा निव्वळ हौसेचा विषय नाही.

कायदा जुना आहे, पण स्पष्ट आहे. ओझेवाहू व ओढकाम करणाऱ्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनी काटेरी कडियाळ आणि इजा करणारी टोकदार साधने वापरण्यास बंदी केली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला मारहाण हा गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात आज चंदीही येत नाही! जनावराला ठार किंवा जायबंदी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

घोडी ठरविणाऱ्या कुटुंबाला काही गोष्टी स्वतः पाहता येतात. तोंडाच्या कोपऱ्यांवर जखमा वा पांढरे वण आहेत का, कडियाळाला काटे आहेत का, दोरी सैल सोडल्यावर घोडी मोतद्दाराच्या बरोबर चालते का आणि त्याने हात उंचावताच डोके वर झटकते का. नवरदेवाला चढण्यासाठी स्टूल ठेवावे, म्हणजे खोगीर एका बाजूला ओढले जात नाही. वरातीच्या वाटेवर पाण्याची बादली असावी आणि फटाके घोडी निघून गेल्यानंतर लावावेत, हे बँडवाल्याला व मित्रमंडळींना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.